जास्तीचा कागद

पुतळीने भाताचा एक ठोंब उपटून नम्रतासमोर धरला. मुळं काळी पडली होती.

"सगळाच असा हाय, मॅडम. दाणा भरायच्या आत गेला."

उधाणाच्या भरतीने बांध फोडला होता आणि खाडीचं खारं पाणी चार दिवस शेतात उभं होतं. कृषी सहायक नम्रताने मोबाइलवर फोटो काढले, पंचनामा लिहायला घेतला. मालकाच्या नावाशी ती थांबली.

"मावशी, सातबाऱ्यावर रेचल नावाच्या बाई आहेत. भरपाई त्यांच्या खात्यात जाणार. तुम्हाला मिळायची तर त्यांचं संमतीपत्र आणा. सोमवारपर्यंत."

रेचलबाई रोह्याच्या पलीकडे, नदीपार अष्टमीत एकट्या राहत. त्यांच्या ज्यू समाजाची बाकीची घरं केव्हाच इस्रायलला गेली होती. मुलगा नथानियलही तिकडेच. त्यांची ही जमीन पुतळीचा आजेसासरा कसायचा, पुढे सासरा, मग नवरा, आणि तो गेल्यापासून पुतळी. दर साली ठरलेला तांदूळ अष्टमीत पोचता व्हायचा. कागद असा कधी झालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुतळी गेली. रेचलबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नथानियल म्हणतो, कशावर सही करू नको. कसणाऱ्याचं नाव कागदावर चढलं की जमीन गेली."

"मला जमीन नको, बाय. बियाणं नि मजुरी सुटली तरी पुरे."

रेचलबाई पदराचा काठ बोटांनी सरळ करत राहिल्या.

"आज शनवार. आज मी लिवत नाय. उद्या ये."

शनिवार त्यांचा धर्माने पाळायचा विसाव्याचा वार, त्या दिवशी त्या लिहीत नाहीत हे पुतळीला ठाऊक होतं. तरी पुलावरून परतताना तिला वाटलं, हे नाही म्हणणंच असेल.

रविवारी पाकीट तयार होतं. पुतळीला वाचता येत नव्हतं. सोमवारी तिने ते तसंच नम्रताच्या टेबलावर ठेवलं.

आत दोन कागद निघाले. पहिला संमतीचा, तो नम्रताने भराभर वाचला. दुसरा मात्र तिने दोनदा वाचला.

"हा तुम्ही मागून घेतलात?"

"नाय. काय हाय त्यात?"

"ही जमीन चार माणसांच्या हयातीत तुमचंच घर कसतंय, दर साली तांदूळ देतंय, असं लिहिलंय. खाली सही. मावशी, एवढ्यावर तुम्हाला कूळ म्हणून नाव लावायचा अर्ज करता येईल."

पुतळी त्या बारीक, तिरप्या अक्षरांकडे बघत राहिली.

"भरपाईला दोन्ही लागतात?"

"पहिला पुरे."

"मग हा द्या परत."

घरी न जाता ती थेट अष्टमीला गेली. रेचलबाई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. पुतळीने कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"बाय, हा चुकून आला."

"चुकून नाय आला." त्यांनी मान वर केली नाही. "तू कोन ते सांगायला आज मी हाय गो. उद्या कोन सांगल?"

"तुम्ही कुठं जाताव?"

"दिवाळी झाली की नथानियल येतोय. मला न्यायला."

पुतळी ओटीच्या पायरीवर टेकली. मग तिने ताट आपल्याकडे ओढलं आणि वाल सोलायला घेतले.