भरीत खाऊन मेलेल्याचा दहावा

धुळ्याच्या गोपालनं काढायला घेतलेला सिनेमा म्हणजे नुसती खिचडी. त्यात खून होता, भूत होतं, पोलीस होते आणि भुताचा डीजेवर नाचही होता. बंडू नावाचा गडी पार्टीत विषाचं भरीत खाऊन मरतो आणि भूत होऊन गावातल्या प्रत्येक भरीत पार्टीला पंगतीत येऊन बसतो, अशी गोष्ट. माणसानं हसता हसता घाबरावं, असा गोपालचा हट्ट होता. असल्या खुळाला चोपड्याकडच्या गावानं वावर दिलं, विहीर दिली, वर चहाही पाजला.

बंडूच्या बायकोचं काम मंजुळाबाईकडे आलं, कारण तिच्यासारखं रडणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. रडेल नाही तर काय करेल बिचारी? पाच वर्षांपूर्वी भांडणात ती नवऱ्याला, कौतिकला, बोलून गेली होती, "जाय, पड त्या विहिरमा." दुसऱ्या सकाळी कौतिक विहिरीतच सापडला. दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवला नाही. नातेवाइकांनी नाही नाही ते कबूल करून पाहिलं, शेवटी दर्भाचा कावळा लावून उरकलं. बाईच्या जिभेनं माणूस खाल्ला, असं गाव म्हणालं, आणि तिलाही ते पटलं. तो आपल्यावर रागावून गेला का, एवढं एकच तिला देवाला विचारायचं होतं.

त्या दिवशी बंडूच्या दहाव्याचा सीन होता, त्याच विहिरीशेजारी. खुन्याचं काम पुना करत होता. पुना कौतिकचा चुलतभाऊ, विहीर दोघांची सामाईक, पाणी पाळीपाळीनं घ्यायचं. खुनी कबुली देतो आणि त्याच क्षणी कावळा शिवतो, असं गोपालनं लिहिलं होतं. आता कावळ्याला संवाद कोण पाठ करून देणार?

"अक्का, पिंड ठेवा आणि मनात बंडूचं नाव घ्या, म्हणजे चेहऱ्यावर दिसेल," गोपाल म्हणाला.

मंजुळाबाईनं भाताचा पिंड वळला, पण नाव काही ओठांवर येईना. जो जन्मलाच नाही त्याच्या नावानं पिंड ठेवला, तर तो घरातल्या जित्या माणसाला लागतो, हे तिला सासूनं सांगितलेलं. घरी तरणीताठी लेक मयुरी. नकोच ते. मेलेल्याचंच नाव बरं, असा विचार करून ती हळूच पुटपुटली, "कौतिक."

तासभर कावळे निंबावर ढिम्म बसून राहिले. कॅमेरावाल्यानं शेव टाकून पाहिली. बंडूची आई झालेल्या बेबाबाईनं हात जोडले, "ये भाऊ, तुले परत भरीत करसू, बिनइखनं." बिनविषाच्या भरताचं आमंत्रण ऐकून सगळे खो खो हसले. कावळे कसले हलतात!

"जाऊ द्या, कबुली घेऊन टाकू," गोपाल म्हणाला.

पुना हात जोडून पुढं आला. "बंडू, भरीतमा इख मीच टाकं..."

एक कावळा खाली उतरला. पिंड ओलांडून तो थेट पुनाच्या पायांशी जाऊन बसला आणि मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला. असलं कोणी जन्मात पाहिलं नव्हतं. कॅमेरा चालूच होता.

पुनानं जोडलेले हात सोडले. "पाळी मनी व्हती, कौतिक," तो म्हणाला. "तू मोटर बंद करी दिधी. मी धक्का दिधा. तू दोनदा हाक मारी. मी ऐकी, नि घर चालना गऊ."

कावळा वळला आणि पिंडाला शिवला. मागोमाग निंबावरचे सगळे कावळे खाली आले. एकही ओरडला नाही. भात टिपताना चोचींचा आवाज तेवढा येत होता.

"कट. एक नंबर, पुनाभाऊ. फक्त ते विषाचं सोडून तुम्ही भलतंच..." गोपाल म्हणू लागला. बेबाबाई मटकन खाली बसली आणि तिनं जमिनीला डोकं टेकलं. भुताखेतांचा सिनेमा काढायला आलेली ती सगळी मंडळी चार पावलं मागं सरकली.

मंजुळाबाई पुनासमोर उभी राहिली. तिला ना राग आठवत होता, ना भीती. "हाक कोनले मारी त्यानी?"

पुनानं मान खाली घातली. "तुले. मंजुळा, मंजुळा म्हणे."

"भाऊ, हाई मिटाडू नको," ती कॅमेरावाल्याला म्हणाली. "पोलिसले दाखाडनं शे."

पाच वर्षं ती आपल्या पापासाठी रडत आली होती. कौतिकसाठी आज पहिल्यांदा रडू फुटलं, आणि ते थांबेना. रडतच ती विहिरीच्या काठाला गेली. बेबाबाईनं घाबरून धावत येऊन तिचा पदर धरला. मंजुळाबाई वाकली आणि खाली पाण्याकडे तोंड करून दोनदा म्हणाली, "ओ... ओ..."