फ्यूजच्या जागी तार

गाडीत पाणी शिरलं की किल्लीला हात लावायचा नाही. आधी बॅटरी सोडायची, सीटा काढायच्या, मॅटिंग उपसायचं, मग एकेक कनेक्टर उघडून वाळवायचा. बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगची कामं करतोय आणि गिऱ्हाइकांना हेच घसा कोरडा करून सांगत आलोय. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार खुपसणारा माणूस दिसला की माझं टाळकंच सरकतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पूर ओसरला तेव्हा माझ्या स्वतःच्या गाडीत सीटपर्यंत चिखल होता. इंजिन वाचलं होतं, एवढंच नशीब. बायकोचं डायलिसिस पुरात एकदा चुकलं होतं. चार दिवसांत तिचे पाय सुजून चपलेत मावेनात, आडवी झाली की धाप लागायची. डॉक्टरांनी फोनवर सरळ सांगितलं, "उद्या सकाळी आठला आणा. आता आणखी थांबता येणार नाही."

आणा म्हणे. कशातून आणू? हॉस्पिटलच्या गाडीसाठी आमच्या आधी एकोणीस जण होते. टॅक्सीवाल्यांच्या गाड्या तर माझ्याच दुकानासमोर चिखलाने भरून रांगेत उभ्या होत्या.

मग दिवसभर गाडीत डोकं घालून बसलो. सीटा बाहेर काढल्या, मॅटिंगखालचा फोम पिळला तर बादलीभर पाणी निघालं. कनेक्टर पुसले, बायकोच्या हेअर ड्रायरने वाळवले. बॅटरी जोडली तर हॉर्न आपल्या मनाने वाजायला लागला, वायपर सुरू झाले, डाव्या बाजूची काच खाली गेली ती वर यायला तयार नाही. ते सगळं चाललं असतं. पण पेट्रोल पंपाचा फ्यूज काही टिकेना. घातला की उडायचा. पाच घातले, पाचही उडाले. फरशीखालून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात कुठेतरी पाणी मुरलं होतं. ते सगळं उकलून नीट करायचं म्हणजे दोन दिवस हवेत. माझ्याकडे एक सकाळ होती.

तार घातली. सहाव्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार. गाडी लगेच चालू झाली आणि मला लाज वाटण्याऐवजी आनंद झाला.

सकाळी दोन्ही पुढच्या सीटा बसवल्या आणि तिला उचलूनच आत ठेवली. ती म्हणाली, "नीट झाली का हो?"

"कोणी हात लावलाय बघ ना," मी म्हणालो. ती हसली. तिला हसताना पाहून मला बरं वाटलं, हे अजून टोचतं.

अर्ध्या वाटेवर, पुलाच्या चढावर, वास आला. वायर जळल्याचा वास मला झोपेतही कळेल. तिच्या पायाशी धूर दिसला तसा मी ब्रेक दाबला, तिला ओढून बाहेर काढली, बॉनेट उघडून बॅटरीची तार उपटली. धूर थांबला. पण आत हात घालून पाहिलं तर वायरींचं जुडगं वितळून एक झालं होतं. गाडी संपली होती. हॉस्पिटल अजून सहा किलोमीटर होतं आणि आठ वाजायला वीस मिनिटं.

ती कठड्याला टेकून बसली होती, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. फोन लावले. मेव्हण्याचा लागेना, हॉस्पिटलचा सतत एंगेज. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तार घातली म्हणालो. माहीत असून घातली. तुला जळत्या गाडीत बसवलं मी.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"काल खिडकीतून बघत होते. पाच वेळा फ्यूज काढलात, आणि सहाव्यांदा खिशातून तार काढलीत." दोन शब्दांमध्ये तिला थांबावं लागत होतं. "इतकी वर्षं तुमच्याकडून ऐकतेय मी, तारेने काय होतं ते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ती काढली असती." तिने माझी बाही धरली. "मला जायचं होतं हो. मला इतक्यात मरायचं नाही."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी तिला पाठीवर घेतलं. चढ संपेपर्यंत एकही गाडी आली नाही. उतारावर एक ट्रक दिसला तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. हात वर करायला मोकळा नव्हता, म्हणून नुसता ओरडत राहिलो. माझ्या मानेवर तिचा श्वास लागत होता आणि मी तो मोजत होतो.