ब्रह्महृदयाशेजारचा ठिपका

कामावरून घरी आली की तिचा हात आपोआप बटणाकडे जायचा, आणि बटण दाबायच्या आत जिन्यातून आवाज यायचा. "लाईट!"

बस, एवढंच. नवऱ्यानं संसारात सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द ऐकवला असं कुणी विचारलं असतं, तर तिला आठवायचीसुद्धा गरज पडली नसती. लाईट. म्हणजे लाईट लावू नकोस, जिन्याचं दार ओढून घे, पडदा सार, मी केव्हापासून अंधारात बसून डोळे तयार केलेत ते मातीत घालू नकोस. एवढं सगळं मिळून तो एक शब्द. माणूस जाऊन वर्ष होत आलं, तरी तो शब्द खाली यायचा थांबला नव्हता.

भूतबित ती मानत नव्हती. दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर पांढऱ्याफटक दिव्याखाली बसून कवळ्या करायच्या, मेणात एकेक दात बसवायचा, पेशंटच्या उरलेल्या दातांशी रंग जुळवायचा. माणसाच्या तोंडाचं इतकं जवळून दर्शन घेतलेल्या बाईला भुतं काय घाबरवणार? पण तो आवाज आला की हात थांबायचा, हे खरं होतं. मग ती शेजारचं दुसरं बटण दाबायची आणि खोली लाल व्हायची.

स्वयंपाकघरात लाल, मोरीत लाल, जिन्यात लाल. लाल उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, म्हणून लग्न झाल्या झाल्या त्यानं घरभर लाल बल्ब लावले होते. शेजारपाजारच्यांनी सुरुवातीला भलताच अर्थ काढला होता. एक म्हातारा तर दोनदा जिन्याखाली घुटमळून गेला.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. फोनवर आईचा चेहरा दिसला की ती खेकसायची. "आई, पुन्हा लाल! बाबा गेले ना? मग आता कुणाचे डोळे सांभाळतेस?"

"सवय आहे गं."

"ही सवय नाही, शिक्षा आहे. आणि देणारा सुटला."

पोरीची जीभ बापावर गेली होती.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणायचे. दिवसभर लोकांना वरखाली करायचं, आणि सूर्य मावळला की स्वतः गच्चीवर. दुर्बीण त्यानं हातानं बनवली होती. काच घासून घासून आरसा केला, जुन्या पाइपची नळी केली. पण खरा जीव होता मोटरीवर. लिफ्टच्या दाराची एक भंगारातली मोटर त्यानं दुर्बिणीच्या पायाला जोडली होती. पृथ्वी फिरते तशी तारे सरकतात, दुर्बिणीतून निसटतात. मोटर नळीला त्याच चालीनं वळवत राहायची, आणि तारा जागचा हलायचा नाही. "आकाश थांबवलंय मी," तो म्हणायचा. मोटरीची घरघर छतातून खाली झिरपायची. त्या घरघरीत ती झोपायची, त्या घरघरीत मुलगी वाढली.

आता हा माणूस नुसता छळवादी होता असं कुणी समजू नये. तसं असतं तर सोपं झालं असतं. पहिल्या वर्षी त्यानं तिला हाताला धरून वर नेलं आणि शनी दाखवला. तिनं डोळा लावला, उठली, आणि पुढं जाऊन नळीच्या तोंडात कुणी चित्र चिकटवलंय का ते वाकून बघितलं. तो पोट धरून हसला होता. मग तिलाही वेड लागलं. त्याला सगळे तारे पांढरेच दिसायचे. तिला तसे दिसणं शक्यच नव्हतं, कारण पांढऱ्याच्या छटा ओळखण्याचाच तिला पगार मिळत होता. "ब्रह्महृदय सिगारेट ओढणाऱ्याच्या दातासारखा आहे," ती म्हणायची. "आणि तो व्याध एकदम नवी कवळी. खोटा वाटतो." थंडीत एका शालीत दोघं बसायची, एकानं बघायचं, दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकायचं. त्या दिवसांत तिला अंधाराचं काही वाटत नव्हतं.

त्याच दिवसांत त्यानं तिला भूत शिकवलं. गुरू बघताना तिला बाजूला एक फिकट ठिपका दिसला. "हा कोणता तारा?"

"तारा नाही. भूत."

"काहीतरीच."

"अगं, भिंगातल्या भिंगात उजेड उलटतो. तेजस्वी काही बघितलं की त्याचीच पडछाया दुसरीकडे उमटते. त्याला आम्ही भूत म्हणतो. ओळखायचं कसं? नळीला हलकेच ढकल. ठिपका ताऱ्याबरोबर सरकला तर खरा. उलटा पळाला तर भूत."

तिनं ढकललं. ठिपका उलटा पळाला. त्यानं तिच्या पाठीवर थाप दिली.

म्हणजे हे त्याला येत होतं, हे लक्षात ठेवा.

पुढं कधीतरी त्यानं एक नवं आयपीस आणलं, डोळा लावायचं भिंग. आणि एका संध्याकाळी तो धडधडत जिना उतरून खाली आला. ब्रह्महृदयाच्या शेजारी एक तारा होता, नकाशात नसलेला. दुसऱ्या दिवशी होता, तिसऱ्या दिवशी होता. मोटरीमुळे जागचा हलत नव्हता, हाच त्याचा पुरावा.

तारे बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. तिथं जाऊन त्यानं भर सभेत सांगितलं. मंडळाचा सेक्रेटरी त्याचा जिवलग दोस्त, औषधांच्या दुकानाचा मालक. बसल्या जागेवरून तो म्हणाला, "लिफ्टवाल्याला भूत लागलंय!"

अख्खी सभा हसली. ती तिथंच होती, सगळ्यांसाठी चहा ओतत. तिनं बघितलं, नवराही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाळून गेला.

त्यानंतर तो मंडळात गेला नाही. मंडळवाले रस्त्यात भेटले की विचारायचे, "काय, भूत बरंय ना?" शहाणी, शिकलेली माणसं. आणि हा रोज वर. बाकी आकाश त्यानं सोडून दिलं. शनी नाही, चंद्र नाही. थंडीभर ब्रह्महृदय आणि त्याच्याजवळचा तो ठिपका. उन्हाळ्यात तो तारा दिसेनासा झाला की हा माणूस तो पुन्हा उगवायची वाट बघत बसायचा. तिला वर बोलावणंही बंद झालं. शाल खाली आली. वरून यायचा फक्त तो एक शब्द.

एकदा तिनं भीत भीत विचारलंही होतं, "ढकलून बघितलंत का?"

"मोटर सेट केलेली आहे. हात लावायचा नाही."

गेला तोही तिथंच. जेवायला हाका मारून ती थकली, मग वर गेली. स्टुलावर बसलेला, कपाळ नळीला टेकलेलं. मोटर चालूच होती. डॉक्टर येईपर्यंत ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही. त्या दिवसापासून ती गच्चीवर गेली नव्हती. लोक चार शब्द बरे बोलून गेले. बोलणारच. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, त्यामुळे त्याच्याशी चांगलं वागायला फार सोपं जातं.

आणि आज सेक्रेटरी दारात उभा होता.

"वहिनी, केवढा हा अंधार!"

"या भाऊजी. लाल आहे, अंधार नाही."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. मोबाइल काढून त्यानं एक फोटो पुढे केला. मंडळाला नवी गच्ची मिळाली होती आणि तिला लिफ्टवाल्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. संगमरवरी पाटी तयार होती. नाव, आणि खाली: 'ब्रह्महृदयाशेजारील नवा तारा सर्वप्रथम पाहणारे.'

तिनं दोनदा वाचलं. खरं होतं का मग? खरं असेल, तर तो सगळा अंधार कारणी लागला. खरं नसेल, तर एका माणसानं दोघांचं आयुष्य विझवून ठेवलं, आणि कशासाठी, तर कशासाठीच नाही. हा प्रश्न ती वर्षभर उशीखाली घालून झोपत होती.

"कुणाला दिसला?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"तारा हो. तुमच्यापैकी कुणी बघितला?"

सेक्रेटरीनं मोबाइल खिशात घातला. "आता ते कशाला वहिनी? माणूस गेला. त्याला मान मिळावा एवढीच इच्छा आहे सगळ्यांची. रविवारी तुम्ही पडदा सरकवायचा. बस."

"दिसला का, ते सांगा."

"कोण विचारायला येणार आहे?"

"मी विचारतेय ना!"

तिनं खुंटीवरची गच्चीची किल्ली काढली. "चला."

"आत्ता? वर? ढग आहेत बहुतेक."

"खिडकीतून चांदण्या दिसताहेत. ढगबिग काही नाहीत. चला."

जिना चढताना तिला वाटलं, आता आवाज येईल. आला नाही. ती त्यालाच जास्त घाबरली.

गच्चीवर थंडी होती. ताडपत्री काढली. आरशावर धूळ धरली होती, पण नळी हलत होती. ईशान्येला ब्रह्महृदय वर आला होता, किंचित पिवळा. रस्त्यावरून दुकानं बंद व्हायच्या आधीची गडबड ऐकू येत होती, कुणीतरी कुणाला तरी स्कूटर हलवायला सांगत होतं. तिनं नळी ताऱ्याकडे वळवली, नवऱ्याचं तेच आयपीस बसवलं आणि मोटर चालू केली. घरघर सुरू झाली, तसा सेक्रेटरी एक पाऊल मागे सरकला.

तिनं डोळा लावला. आयपीसचं रबर एका बाजूला दबून झिजलं होतं, नवऱ्याच्या भुवईच्या आकारात. तिला तिथं आपली भुवई बसवावी लागली.

ठिपका होता.

फिकट, शांत, ताऱ्याच्या उजव्या अंगाला. तारा कडेला, ठिपका समोरच्या कडेला, आणि मोटर दोघांनाही जागच्या जागी धरून ठेवत होती. आणि सुंदर होता. नवरा बघत बसायचा तो हा. वाटलं, आता उठावं, सेक्रेटरीला म्हणावं, दिसला हो, बसवा तुमची पाटी. कोण येणार होतं विचारायला? तिच्या कानामागं श्वास घेतल्यासारखं झालं. कुणीतरी जवळ वाकून उभं होतं आणि तिच्याइतकंच घाबरलेलं होतं. हात लावायचा नाही. हात लावायचा नाही.

तिनं मोटर बंद केली.

आकाश सुटलं. ब्रह्महृदय सरकायला लागला, हळूहळू, कडेकडे. ठिपका क्षणभर अडल्यासारखा वाटला. मग तोही निघाला, दुसऱ्या बाजूला. तारा एका कडेनं बाहेर गेला, ठिपका दुसऱ्या कडेनं. ती तशीच वाकून राहिली. समोर आता नुसता काळोख होता, आणि त्यात दोन-तीन बारीक तारे, कुणाचंही काही देणं न लागणारे.

"भूत आहे," ती म्हणाली.

सेक्रेटरीनं सुस्कारा टाकला. "वहिनी, मला वाईट वाटतं. पण आपण पाटी बदलायला नको. राहू दे. कुणाचं काय जातंय?"

ती ताठ उभी राहिली. इतकी वर्षं जे कुणावर काढावं कळत नव्हतं, ते बाहेर आलं.

"तुम्ही बरोबर बोलला होतात भाऊजी. पहिल्याच दिवशी. भूतच होतं. पण हसून बोललात. भर सभेत, चहाचा कप हातात धरून. तुमचं घर इथून हाकेच्या अंतरावर. एका संध्याकाळी वर येऊन मोटर बंद करायची, आणि म्हणायचं, हे बघ रे बाबा. एवढंच काम होतं. तो रडला असता, तुम्हाला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी शनी बघितला असता. माझ्यासोबत. कुणी आलं? एकसुद्धा नाही. तुम्ही लोकांनी त्याला त्या भुतापाशी एकटं सोडलं, आणि मीही खाली बसून राहिले. आता संगमरवर कशाला आणताय? तो मेल्यावरही खोटाच राहावा म्हणून?"

"त्याला माहीत नसेल का, वहिनी?" सेक्रेटरीचा आवाज चिरकला. "मला त्यानंच शिकवलं होतं. ढकलून बघायचं."

"माहीत होतं. म्हणूनच ढकललं नाही."

खालची स्कूटर एकदाची सुरू झाली. मग तिनं नळी पुन्हा ताऱ्यावर आणली आणि बाजूला सरकली. "बघा. वर्षानुवर्षं उशीर झालाय, पण बघा."

तो स्टुलावर बसला. पोटामुळे त्याला नीट वाकता येईना. डोळा लावला, चाचपडत नळीला बोट लावलं, आणि हलकेच ढकललं. बराच वेळ तो नुसता बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो बोलला तेव्हा आवाज अगदी मऊ होता, शेजारी बसलेल्या दोस्ताला सांगावं तसा.

"उलटं जातंय रे."

त्या 'रे'नं तिच्या अंगावर काटा आला. तो तिच्याशी बोललाच नव्हता. ती उत्तराची वाट बघत राहिली, कारण चूक कबूल करायला नवऱ्याला नेहमीच फार वेळ लागायचा.