पाण्याची व्यवस्था

श्वास हे जीवनाचं मूळ आहे आणि तो चालू आहे तोवर माणसाने कशाचीही तक्रार करू नये, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांची नाकं मोकळी असावीत. मेनस्विच यांचं नाक मात्र हल्ली रोज रात्री बंद पडत होतं, आणि तेही नेमकं श्वास घ्यायचं यंत्र लावल्यावर.

मेनस्विच हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यात ते विद्युत सुरक्षा अधिकारी होते, आणि कुठे ठिणगी उडाली, जळका वास आला किंवा नुसती शंका आली तरी ते एकच वाक्य बोलत : "आधी मेनस्विच बंद." घरी बायको मिक्सर पुसायला लागली की हे त्याची पिन काढून हातात धरून उभे राहत. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यात कोणालाही शॉक बसला नव्हता. बसले ते सगळे पगाराच्या दिवशी.

अशा माणसाला झोपेने दगा दिला. झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबायचा आणि मग एक मोठा स्फोट होऊन परत सुरू व्हायचा. जुन्या जनरेटरसारखा, असं बायको म्हणायची. रात्रभर असं चालू-बंद झालेला माणूस दिवसा पेंगणारच; पण पेंगावं कुठे, याला काही धरबंध? नव्या कामगारांपुढे 'सतत सावध राहा' या विषयावर बोलता बोलता ते उभ्या उभ्या झोपले. कामगारांना वाटलं, प्रात्यक्षिक आहे. एकजण शहाण्यासारखा मेनस्विच बंद करून आला.

कारखान्याच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, यंत्र लिहून दिलं आणि अटही घातली. "रोज रात्री निदान चार तास लावायचं. किती लावलं ते मशीन स्वतःच नोंदवतं, तेव्हा मला गोष्टी सांगू नका. महिन्याने बघू. नाही जमलं, तर पॅनेलरूममध्ये पाऊल टाकायचं नाही. स्टोअरला बसायचं."

"स्टोअरमध्ये मी काय करू?"

"रबरी हातमोजे मोजा."

ज्या हातमोज्यांशिवाय कोणाला पॅनेलला हात लावू दिला नाही, तेच आता मोजत बसायचं.

यंत्र घरी आलं. घेऊन आलेल्या माणसाने ते उशाशी मांडलं, मास्क चढवून दाखवला आणि मग एक पारदर्शक डबा काढून म्हणाला, "ही टाकी. हिच्यात रात्री पाणी भरायचं. खाली तापणारी पट्टी असते, त्याने हवा ओलसर होते. नाहीतर कोरडी हवा जोरात जाऊन नाक सुजतं."

"म्हणजे विजेच्या मशीनमध्ये पाणी," मेनस्विच म्हणाले.

"हो."

"ते मशीन माझ्या उशाशी."

"हो."

"आणि त्याची नळी माझ्या नाकात."

"बरोबर समजलात," तो माणूस खूश होऊन म्हणाला.

बायको ऐकत होती. मेनस्विच यांनी त्याचे आभार मानले, त्याला दारापर्यंत पोचवलं, परत येऊन टाकी काढली आणि सोबत आलेलं कोरडं झाकण तिच्या जागी बसवलं. टाकीशिवायही यंत्र चालतं, हे त्यांनी चालवून पाहिलं. टाकी हत्यारांच्या कपाटात गेली. पाणी आणि वीज एकत्र आणू नये, हे ज्याने जन्मभर भिंतीभिंतींवर लाल अक्षरात रंगवलं, त्याने उतारवयात स्वतःच्या नाकाजवळ ती सोयरीक जुळवायची? याचा त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. तत्त्वाची बाब होती.

मग नाक बंद व्हायला लागलं.

मास्क लावला की घटकाभर बरं वाटे. मग नाकात काहीतरी सुकल्यासारखं होई, एक नाकपुडी मिटे, तिला सोबत म्हणून दुसरीही मिटे. यंत्र आपलं इमानदारीत हवा ढकलतच राही. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. ते उघडलं, की सगळी हवा तिथून फुर्रकन बाहेर. ओठ फडफडत, जीभ चामड्यासारखी होई आणि मेनस्विच उठून मास्क भिंतीवर फेकावा अशा आवेशाने काढून, महाग असल्यामुळे हळूच उशीवर ठेवत. सकाळी यंत्राच्या छोट्या पडद्यावर आकडा दिसे : एक तास. कधी सव्वा. शेजारी एक रडका चेहराही येई. यंत्राने तोंड वेंगाडून दाखवावं, असे दिवस आले होते.

उपायांना तोटा नव्हता. मिठाच्या पाण्याची पिचकारी एका नाकपुडीत मारायची, ती दुसरीतून बाहेर येते असं सांगितलेलं होतं. त्यांच्या बाबतीत ती डोळ्यांतून आली. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या, तर रात्रभर घसरून सकाळी ते पायथ्याशी गोळा झालेले सापडले. नाकावर चिकटपट्टी लावली, ती सकाळी निघेना. त्याच पट्टीसकट ते कामावर गेले आणि दिवसभर प्रत्येकाला "काही नाही, काही नाही" म्हणत राहिले. औषधाचे थेंब घातले, त्याने नाक लख्ख उघडलं. पण हे चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट जास्तच चोंदतं, असं औषधवाल्याने बजावलं होतं. पाच दिवस संपले.

मेहुणा येऊन बसे. त्याला स्वतःला कसलाच आजार नसल्यामुळे सगळ्या आजारांवर बोलायला तो मोकळा होता.

"भावोजी, तुम्ही ना श्वासाचा विचार करता. विचार करायचाच नाही. मी करतो का?"

"तू कशाचाच करत नाहीस," मेनस्विच म्हणाले. नाक बंद असल्याने टोमण्याची धार जात होती, याचा त्यांना वेगळा राग येई.

"वाफ घेतली?"

घेतली होती. टॉवेल डोक्यावर घेऊन गरम पाण्याच्या पातेल्यावर बसलं, की नाक असं सुटे की खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास येई. ओल्या हवेने आपलं नाक सुटतं, ही गोष्ट मेनस्विच यांनी मेहुण्याला दोनदा सांगितली आणि स्वतः मात्र एकदाही ऐकली नाही.

शेवटी नाकाचे डॉक्टर. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं, "हं" म्हणाले आणि विचारलं, "मशीनच्या टाकीत पाणी भरता ना?"

खरं सांगितलं तर हा तरुण माणूस आपल्याला विजेबद्दल शिकवणार, हे मेनस्विच यांना दिसत होतं. "पाण्याची व्यवस्था आहे," ते म्हणाले. शब्दशः खोटं नव्हतं. व्यवस्था कपाटात होती.

"मग सगळंच करून झालंय म्हणायचं," डॉक्टर म्हणाले. "नाकाचा पडदा जरा वाकडा आहे. तसा पुष्कळांचा असतो. पण तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे, तर ऑपरेशन करून सरळ करू."

मेनस्विच यांनी मान डोलावली. घरी येताना त्यांना हसावं की रडावं कळेना. महिना संपत आला होता, पडद्यावरचा आकडा सव्वाच्या पुढे सरकत नव्हता, आणि आता उभा जन्म नाकासमोर चाललेल्या माणसाचं नाकच सरळ करायचं ठरलं होतं.

दवाखान्याची बॅग भरताना तिच्या मुठीचा स्क्रू निघाला. बायको हत्यारांच्या कपाटाकडे गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली ती हातात पारदर्शक डबा घेऊन. आत स्क्रू, वॉशर आणि फ्यूजची तार होती.

"अहो, ही त्या मशीनची टाकी ना?"

"होती."

"त्या माणसाने माझ्यादेखत सांगितलं होतं, पाणी घाला म्हणून."

"त्याचं काय जातं सांगायला. विजेच्या वस्तूत पाणी घालत नसतात."

"गिझरमध्ये काय घालतात?"

"गिझरला मी स्वतः अर्थिंग केलंय."

"आणि वाफेची इस्त्री?"

"ती मी कोरडीच वापरतो."

"तरीच," बायको त्यांच्या शर्टाकडे बघत म्हणाली. "म्हणजे महिनाभर मी पातेली तापवतेय, विटा वाहतेय, माझा भाऊ रोज येऊन डोकं खातोय, आता तुम्ही नाकावर सुरी फिरवून घ्यायला निघालात. आणि टाकीत स्क्रू."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व घेऊन स्टोअरमध्ये बसा मग. त्याला अर्थिंग लागत नाही."

हे मात्र लागलं. मेनस्विच उठले. त्यांनी यंत्र पालथं केलं, टेस्टर लावला, मीटर लावला, तापणारी पट्टी तपासली आणि भिंतीतला सॉकेट उघडून अर्थिंगची तार ओढून पाहिली. दोष काढायची त्यांची फार इच्छा होती. दोष नव्हता. मग पलंगाशेजारी रबरी चटई अंथरली, यंत्र तिच्यावर ठेवलं, टाकी धुतली आणि बायकोने उकळून गार केलेलं पाणी ओतलं. ओतताना ते हात लांब करून, मान मागे घेऊन उभे होते. त्या रात्री ते मास्क लावून आणि कारखान्याचे रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवून झोपले. बायको भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला ते बघवेना.

सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा मास्क जागेवर होता. दोन्ही नाकपुड्यांतून हवा निवांत येत-जात होती. पडद्यावर सात तासांचा आकडा होता आणि शेजारी हसरा चेहरा, जो त्यांना रडक्यापेक्षाही झोंबला.

"शॉक बसला का?" बायकोने चहा ठेवत विचारलं.

"नाही," मेनस्विच म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती.

त्यांनी हातमोजे काढले आणि डॉक्टरांना फोन करून ऑपरेशन नको म्हणून कळवलं.

"असं एकदम काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाण्याची व्यवस्था सुधारली."

डॉक्टरबाईंनी आणखी पंधरा दिवस पाहिलं आणि पॅनेलरूमला जायची परवानगी कायम केली. मेहुण्याने सगळ्यांना सांगितलं, की विचार सोडल्यावर भावोजींना बरं वाटलं.

टाकीत पेलाभर पाणी मावतं. त्यातलंही निम्मं सकाळी तसंच उरतं.