अठरा पूर्ण झाल्यावर

हर्सूलच्या मुलींच्या बालगृहात त्या सोमवारी नेहमीसारखेच पोहे झाले होते. मोनिकाने ताटलीला हात लावला नाही. त्या दिवशी तिला अठरा वर्षं पूर्ण झाली होती, आणि अठरा झाली की मुलीने संस्था सोडायची, असा तिथला रिवाज होता.

चार वर्षांची असताना ती बसस्थानकावर सापडली होती. दार आपटलं की ती पलंगाखाली शिरायची. समुपदेशक ताई दर शुक्रवारी येऊ लागल्या, तेव्हा कुठे दोन-तीन वर्षांत ते थांबलं.

"ताई मला भेटतील ना, बाई?" तिने जाताना विचारलं.

अधीक्षिका द्वारकाबाईंनी तिची पिशवी उचलून फाटकापर्यंत नेली. त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांकडे आधीच शब्द टाकला होता. "बाहेर पडलेल्या पोरींसाठीही ताईंच्या मानधनाची सोय करा, साहेब. निदान दोन वर्षं."

"नोकरी लावून दिली, खोली बघून दिली. आता आणखी किती लाड करायचे?" अध्यक्ष म्हणाले होते. देणगीदारांना सभागृह बांधायचं होतं.

मोनिकाला चिकलठाण्याच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. गारखेड्यातल्या खोलीत सोबतीला सगीरा होती, वर्षभरापूर्वी याच संस्थेतून बाहेर पडलेली. तिसऱ्या आठवड्यात सगीराचा फोन आला.

"बाई, मोनिका लई बिघडली. जेवत नाय, बोलत नाय. पलंगाखाली झोपायलीय. मेरे कू डर लग रहा, बाई."

"रविवारी येते मी," द्वारकाबाई म्हणाल्या. तो गुरुवार होता.

शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन. मोनिका सकाळीच खोलीतून निघाली होती, पण कारखान्यात पोचलीच नव्हती. द्वारकाबाई फाटकाकडे धावल्या. पहारेकरी कडुबा मान खाली घालून उभा होता.

"आल्ती सकाळी. ताईला भेटू द्या म्हणत व्हती. लई येळ बसली इथं, मग गेली उठून. बाहेर पडलेल्या पोरीला आत घ्यायचं नाय, असा कागद हाय ना, बाई. सही तुमचीच हाय त्याच्यावर."

द्वारकाबाई सकाळभर आतच होत्या.

संध्याकाळी पोलिसांनी हर्सूल तलावातून मोनिकाला बाहेर काढलं. ओळख पटवायला द्वारकाबाईच गेल्या. तिचं दुसरं कोणी नव्हतंच.

आठ दिवसांनी अध्यक्षांनी बालगृहातल्या जन्नतचे संस्था सोडण्याचे कागद द्वारकाबाईंपुढे सरकवले. बुधवारी तिला अठरा पूर्ण होणार होती.

"मी सही करणार नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "आधी ताईंची सोय करा. बाहेर गेलेल्या पोरींसाठीसुद्धा."

"नोकरी गमवाल. सही काय, दुसरं कोणीही करील."

"करू द्या. पोलिसांची चौकशी अजून संपलेली नाही. फाटक कोणाच्या हुकमाने बंद होतं, ते मी तिथं सांगणार आहे. पहिलं नाव माझंच. दुसरं तुमचं."

दाराशी जन्नत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाई, बुधवारी मी कुठं जायचं?"

"कुठंच नाही," द्वारकाबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी खिशातून फोन काढला. ते वकिलाचा नंबर शोधत होते.