गॅलरीतली माणसं

वस्ती वाढली, तशी रविवारच्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, चर्चमध्ये उभं राहायलाही जागा उरेना. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत गवंडीकाका म्हणाले, "चर्चमधल्या जुन्या लाकडी गॅलरीत ऐंशी माणसं आरामात बसतील. जबाबदारी माझी." बांधकामातलं कळणारे ते एकटेच, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिल्याच रविवारी ते गॅलरीखाली उभे होते. प्रवचन चालू असताना त्यांच्या खांद्यावर भुसा पडला. त्यांनी वर पाहिलं, तर तुळईला चीर गेली होती आणि ती हळूहळू लांबत होती. वर त्यांची सून बसली होती, आठवा महिना लागलेली. ओरडावं, तर सगळे एकदम जिन्याकडे धावतील.

ते वेदीपाशी गेले आणि फादरांच्या कानाशी लागले. फादरांचा चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज हलला नाही. "गॅलरीतल्यांनी एकेक ओळ करून सावकाश खाली या. उरलेली मिस्सा आवारात करू."

सून शेवटच्या ओळीत होती. ती खाली पोचेपर्यंत काका जिन्यापाशी त्या चिरेकडे बघत उभे होते.

"बाबा, एवढे थरथरताय का?"

"पोरी, तुळई ठोकून न बघताच मी जबाबदारी घेतली होती."