एका खोलीत बेचाळीस मतदार

आपल्या घरात बेचाळीस मतदार राहतात, ही गोष्ट भाईदासला एका रविवारी सकाळी कळली, तीही तोंडात ब्रश असताना.

कोसाडच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर आणि त्यात तो आणि कलाबाई, एवढाच त्यांचा संसार. तीस वर्षं त्याने कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घातल्या, मुलगी मंदा नंदुरबारला दिली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर तो घरी बसला. त्या सकाळी दारात महापालिकेचे उमेदवार छगनभाई गळ्यात हार घालून उभे होते. सोबत त्यांच्या पॅनलमधले उरलेले तिघं आणि मागे ढोलवाले. छगनभाईंनी आधी भाईदासचे पाय धरले, मग कलाबाईचे, मग आत डोकावून विचारलं, "बाकीची मंडळी?"

"कोणती मंडळी?"

कार्यकर्त्याने मतदार यादी उघडली. इमारत तीच, खोली तीच. पाटील, बेहेरा, राजभर, शेख, गामित... बेचाळीस नावं.

"एवढं मोठं कुटुंब अन् भांडणाचा आवाज नाही," छगनभाई हात जोडून म्हणाले. "आजकाल कुठे बघायला मिळतं?"

आम्ही दोघंच राहतो, हे भाईदासने तीनदा सांगितलं. मंडळी नुसती हसली. मत लपवणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मतदार लपवणारा हा पहिलाच.

मग रांगच लागली. दुसऱ्या पक्षाच्या उज्ज्वलाबेनने त्या एका खोलीसाठी वेगळी पाण्याची टाकी कबूल केली. एक अपक्ष आला, तो बोलता बोलता माळ्यावर कोणी दिसतंय का ते बघत होता. कलाबाईला मात्र वेगळाच घोर लागला. जेवताना तिने विचारलं, "ह्या इतला लोक झोपतस कोठे?"

सोमवारी भाईदासने यादीचं ऑफिस गाठलं. टेबलावर हितेश नावाचा तरुण कारकून होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"नावं काढायची असतील तर प्रत्येकाचा वेगळा फॉर्म. आणि तिथे राहत नाही म्हणून त्या माणसाची सही पाहिजे."

"पण ते कुठे राहतात, मला काय ठाऊक?"

हितेशने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "तुमच्याकडे," तो म्हणाला. "अने काका, हवे तो यादी फायनल थई गई. इलेक्शननंतर या. तुमचं नाव काय म्हणालात?"

नाव टाकून झाल्यावर त्याने भाईदासकडे जरा संशयानेच पाहिलं. "तुम्ही तर त्या घरात राहतच नाही. तुम्ही राहता मागच्या गल्लीत, अठरा नंबरला. अंजनाबाईंकडे."

मागच्या दोन्ही महापालिका निवडणुकांत आपलं नाव का सापडलं नाही, हे भाईदासला आता उमगलं. बेचाळिसात कलाबाई होती, तो नव्हता.

घरी हे ऐकून कलाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "म्हणजे घर मनं शे. तुम्ही पाहुणा!" मग हसू एकदम थांबलं. "कोण शे ती अंजनाबाई?"

"म्हातारी शे."

"तुम्हले कसं माहीत?"

"यादीत वय लिखेल शे ना!" भाईदास कळवळून म्हणाला.

मतदानाच्या दोन दिवस आधी बेचाळीस स्लिपांचं रबर लावलेलं बंडल कलाबाईच्या हातात पडलं. आणि मतदानाच्या सकाळी जिन्यात माणसं उभी राहिली. यादीतला नंबर त्या स्लिपवर, आणि स्लिपा कलाबाईकडे. पर्वत पाटियाहून दोघी जावा आल्या, हजीऱ्याचा एक क्रेनवाला रात्रपाळी करून तसाच आला, लूमवर काम करणारे सात ओडिया भाऊ एका रिक्षातून उतरले. लोटू पाटील नावाचे एक म्हातारे सगळ्या खोलीत फिरून आले.

"आठ वर्षं झाली मी या पत्त्यावर आहे," ते नाराजीने म्हणाले. "भिंतींना रंग तरी द्यायचा."

"तुम्हीबी काही हातभार लावाना!" कलाबाईने स्लिप त्यांच्या हातात कोंबत सुनावलं. क्रेनवाल्याला मात्र तिने आधी बसवून चहा दिला.

एवढ्या गर्दीत आपल्याला कोणी विचारत नाही म्हटल्यावर भाईदास चप्पल घालून निघाला आणि अठरा नंबरच्या दारात उभा राहिला. आत बाबासाहेबांची तसबीर होती, खाली पाटावर एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"भाईदास तुम्हीच का?" त्यांनी चष्मा वर केला. "या भाऊ. मागल्या दोन्ही टायमाला तुमची स्लिप आली, मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मला वाटलं, बाहेरगावी असाल."

"बाहेरगावीच होतो म्हणा," भाईदास ओशाळून म्हणाला.

दोघं बरोबरच शाळेतल्या मतदान केंद्रावर गेले. बोटाला शाई लागली, भाईदासने छगनभाईंपुढचं बटण दाबलं. त्यांनी पाय धरले होते, तेवढं तर करायलाच हवं. यंत्र गप्प. तो वाट बघत राहिला.

"काका, वॉर्डातून चार निवडायचेत," पलीकडून अधिकारी म्हणाला. "आणखी तीन मतं आहेत तुमची. नको असतील तरी चालेल, पण शेवटी नोंदणीचं बटण दाबा, म्हणजे संपलं."

तीन मतं उरलीत आणि ती आपली एकट्याची! भाईदास ताठ उभा राहिला. सगळी नावं त्याने सावकाश वाचली आणि जे एकदाही त्याच्या दारी आले नव्हते असे तिघं हुडकून त्यांना एकेक मत दिलं. मग नोंदणीचं बटण दाबलं. लांबलचक आवाज झाला. त्याला वाटलं, बाहेर जाऊन कोणाला तरी सांगावं.

बाहेर अंजनाबाई शाईचं बोट वर धरून थांबल्या होत्या. "आता नाव काढून घ्याल ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "मुलगा रेल्वेत, तिकडे वडोदऱ्याला. यादीत आपण दोघंच होतो, तुम्ही आणि मी."

ऑफिसातून आणलेला नाव काढायचा फॉर्म भाईदासच्या खिशातच होता. "बघू," तो म्हणाला, आणि बाईंच्या हातातली छत्री त्याने आपल्याकडे घेतली.